कमिट एकाचं, कोड दुसरीचा

आमच्या संस्थेत पावसाच्या नोंदी साफ करणारं एक छोटं पायथन पॅकेज आहे, पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदीत जे दिवस गाळलेले असतात ते शेजारच्या केंद्रांवरून भरायचे, चुकून शून्य जास्त पडलेले आकडे पकडायचे असलं काम ते करतं, आणि गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, ते सध्या मी सांभाळते. नवीन व्हर्जन काढायच्या आदल्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, तुम्ही जॉइन व्हायच्या आधी मी तिथे एमएस्सीच्या प्रोजेक्टला होते. त्यातला गॅप भरायचा भाग मी लिहिलाय. पीएचडीच्या इंटरव्ह्यूत तसं सांगितलं, तर त्यांनी तिथेच गिटहब उघडलं आणि माझं नाव कुठेच नाही."

तिने काही मागितलं पण नाही, फक्त सांगितलं. मला ते फार लागलं.

फोन ठेवला आणि गिटमधे, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, शॉर्टलॉग चालवलं, कुणाचे किती कमिट (नोंदवलेले बदल) आहेत त्याची ती यादी, त्यात ती मुलगी नाही. गॅप भरायच्या फाइलवर गिट ब्लेम चालवलं तर एकूणएक ओळीपुढे एकाच मुलाचं नाव, कारण पहिल्या कमिटमधेच सगळा मूळ कोड एकदम आलाय. तोपर्यंत इथे कोड झिप करून मेलवर फिरायचा, मग कधीतरी त्या मुलाला सांगितलं गेलं की हे फोल्डर गिटहबवर टाक, त्याने टाकलं, त्याचा त्यात काही दोष नाही. खरं म्हणजे गिटमधे ऑथर आणि कमिटर हे दोन रकाने वेगळे असतात, लिनक्स कर्नलचे पॅच (कोडमधले बदल) मेलने यायचे, लिहिणारा एक आणि लावणारा दुसरा, म्हणून ही सोय आहे. कमिट करताना ऑथर म्हणून तिचं नाव दिलं असतं तर काम झालं होतं, पण देणार कोण, कुणी विचारच केला नव्हता.

तिला म्हटलं, अगं जुने मेल असतील तर पाठव. तासाभरात झिप आली. दोन्ही फाइली शेजारी ठेवून डिफ घेतला, म्हणजे ओळीने ओळ ताडून पाहिली, फंक्शनची नावं तीच, व्हेरिएबल तेच, आणि मधे एक कमेंट जशीच्या तशी, इंग्रजी अक्षरात लिहिलेलं मराठी, की शेजारची किमान तीन केंद्रं मिळाली नाहीत तर भरू नये. आज जे लोक हे पॅकेज वापरतात ते मुख्यतः ह्याच भागासाठी वापरतात, बाकीचं फाइल वाचणं आणि ग्राफ काढणं कुणीही लिहिलं असतं.

दुपारी तिचं नाव घालण्याबद्दल बोलायला सरांकडे गेले. सर म्हणाले, "तिची एक फाइल, ह्या मुलाचे कमिट बघ किती आहेत." हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय आणि मला ते मुळीच पटत नाही. मी त्यांना २०१९ ची गोष्ट सांगितली, एप्रिलमधे कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं तेव्हा त्या टीममधल्या केटी बोमन ह्या संशोधिकेचं नाव सगळीकडे झालं आणि लगेच काही लोकांनी गिटहबवरचे आकडे काढून ओरडा सुरू केला की साडेआठ लाख ओळी तर टीममधल्याच अँड्र्यू चेलने लिहिल्यात, हिने काय केलं. त्यावर चेलनेच जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच ओळी मॉडेलच्या फाइलींच्या आहेत, सॉफ्टवेअर साधारण ६८ हजार ओळींचं आहे, आणि केटीच्या कामाशिवाय ते चाललंच नसतं. ज्याच्या नावावर ओळी होत्या तोच हे सांगतोय, मग आपण ओळी कशाला मोजायच्या? सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले लायसन्सवर संस्थेचं नाव आहेच की. पण ती कॉपीराइटची ओळ आहे सर, हक्क कुणाचा ते सांगते, कुणी लिहिलं ते नाही सांगत. शेवटी त्यांनी त्या मुलालाच बोलावलं आणि तो म्हणाला, "हो सर, तो भाग तिचाच आहे, मी फक्त अपलोड केला." प्रश्नच मिटला.

मग दुरुस्ती. जुनी हिस्टरी बदलायचा मोह झाला होता पण पहिलं कमिट बदललं की पुढच्या सगळ्यांचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतात, टॅग (व्हर्जनच्या खुणा) बदलतात, लोकांनी घेतलेले फोर्क, म्हणजे प्रती, तुटतात, म्हणून हिस्टरीला हात लावला नाही. त्याऐवजी सायटेशनची, म्हणजे पेपरमधे उल्लेख करताना कुणाची नावं द्यायची ते सांगणारी, सीएफएफ फाइल लिहिली, साधी यामल, म्हणजे मजकुराचीच फाइल असते, नाव, ओर्किड (संशोधकाचा ओळख-क्रमांक), व्हर्जन, डीओआय (प्रकाशनाचा कायमचा क्रमांक). २०२१ पासून गिटहब ती फाइल वाचून पानावरच कसं साइट करायचं ते दाखवतं, म्हणजे पुढच्या वेळी इंटरव्ह्यूत कुणी पान उघडलं तर नाव समोर. क्रम ठरवताना तिला पहिलं ठेवलं, त्या मुलाला दुसरं, मेलमॅपमधे, म्हणजे एकाच माणसाचे वेगवेगळे ईमेल जोडणाऱ्या फाइलमधे, त्याचे दोन ईमेल एकत्र केले. झेनोडोवर, म्हणजे संशोधनाच्या फाइली जपून ठेवणाऱ्या साइटवर, आमच्या जुन्या व्हर्जनचा डीओआय आहे, तिथे जुन्या झालेल्या नोंदीच्या फाइली बदलता येत नाहीत पण माहिती बदलता येते, तेव्हा जुन्या नोंदीतही तिचं नाव घातलं, डीओआय तोच राहिला. ज्यांनी आधीच पेपरमधे आम्हाला साइट केलंय त्यांच्या छापील यादीत मात्र ती येणार नाही, त्याला आता इलाज नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं.

संध्याकाळी तिला लिंक पाठवली. तिचा लगेच फोन, "मॅडम, अजून एक सांगू का? तपासायला खऱ्या नोंदी लागायच्या, त्या आमच्या गावच्या केंद्रावरच्या काकांनी वहीतून लिहून दिल्या होत्या, रोज सकाळी साडेआठला ते माप घ्यायचे. त्यांचं कुठे घालता येईल?"

सीएफएफमधे अशा कामाची वेगळी जागा नाही. झेनोडोवर कॉन्ट्रिब्युटरचा प्रकार निवडता येतो, त्यात डेटा कलेक्टर आहे. म्हटलं, काकांना विचार त्यांना चालेल का आणि नाव कसं लिहायचं, उद्या दुपारपर्यंत कळव, रिलीज तोपर्यंत थांबवते.