आठातून गळलेली मात्रा

ब्लाँडी या न्यू यॉर्कच्या बँडचे 'हार्ट ऑफ ग्लास' लागले की माझे लक्ष गायिका डेबी हॅरीच्या आवाजाआधी त्यामागे टिकटिकणाऱ्या तालयंत्राकडे जाते. रोलँड या जपानी कंपनीचे सीआर-७८ हे यंत्र तेव्हा नुकतेच बाजारात आले होते. १९७८ च्या उन्हाळ्यात, 'पॅरलल लाइन्स' या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात, निर्माता माइक चॅपमन याने क्लेम बर्क या धसमुसळ्या, उत्साही ड्रमवादकाला त्या यंत्राच्या शिस्तीत बसवले. इतके की बास ड्रम बाकीच्या ड्रमपासून वेगळा मुद्रित केला गेला. माणसाने यंत्राची चाल धरायची आणि तरीही तो माणूस आहे हे कानाला कळत राहायचे, ही कसरत मला या गाण्यातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

गाणे मात्र त्याहून जुने होते. हॅरी आणि बँडचा गिटारवादक क्रिस स्टाइन यांनी ते सत्तरच्या दशकाच्या मध्यावरच रचले होते, आणि बँडमध्ये त्याला गमतीने 'डिस्को साँग' म्हणत. न्यू यॉर्कच्या ज्या सीबीजीबी क्लबात हा बँड वाढला, तिथल्या पंक, म्हणजे खडबडीत, बंडखोर रॉक वाजवणाऱ्या मंडळींना डिस्को म्हणजे बाटलेले संगीत वाटे, त्यामुळे गाणे गाजताच 'हे विकले गेले' असा आरोप झाला. सोवळ्याओवळ्याचे हे वाद आपल्याकडच्या मैफलींनाही अपरिचित नाहीत. फेब्रुवारी १९७९ मध्ये गाणे ब्रिटनमध्ये आणि २८ एप्रिलला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यानंतर अडीच महिन्यांतच शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. म्हणजे पंकवाल्यांना ते फार डिस्को होते, आणि रॉकच्या कट्टर चाहत्यांना डिस्को मुळातच नकोसे झाले होते.

गंमत अशी की, केवळ नाचण्यासाठी केलेले म्हणून ज्याची हेटाळणी झाली, त्याच गाण्याच्या मधल्या वाद्यतुकड्यात एक मात्रा गळते आणि चार-चारचा हिशेब सातावर येतो. सात मात्रा आपल्या कानाला रूपक तालामुळे परक्या नाहीत, परंतु सम धरून नाचणाऱ्या पायाला तिथे हमखास ठेच लागते. केवळ धंद्यासाठी तडजोड करणाऱ्याने ही खोडी कशाला केली असती?

पुढे डिस्कोचा नामवंत निर्माता जॉर्जिओ मोरोदरबरोबर केलेले 'कॉल मी' आणि १९८१ मध्ये रॅपचा तुकडा घेऊन अमेरिकेत अव्वल ठरलेले 'रॅप्चर' ही गाणी याच मोकळ्या दारातून आली. यंत्राचा ठेका आणि गिटार एकत्र नांदू शकतात, हे ऐंशीच्या दशकातील पॉपला मग कोणी पटवून द्यावे लागले नाही. माझ्या मते या गाण्याचे श्रेय हॅरीइतकेच बर्कचेही आहे, मात्र छायाचित्रांत ती पुढे आणि तो मागे असल्याने ते त्याच्या वाट्याला क्वचितच आले.