चिमटीतला खटका

बेचकीला चाप नसतो. सरकवला की आता काही उडणार नाही असा दिलासा देणारा खटकाही नसतो. रबर ताणलं की सगळा कारभार अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत येतो, आणि चिमूट कधी शिंक आली म्हणूनही सुटते.

मोठेपणी हा नाद लागला तेव्हा माझं सगळं लक्ष समोरच्या डब्यावर. डबा टांगायचा, १० मीटर मोजायचे, गालापर्यंत रबर ओढायचं. डब्याच्या मागे काय आहे, हा प्रश्न पहिला नेम चुकल्यावर पडला. ८ मिलिमीटरचा पोलादी छर्रा भरतो जेमतेम २ ग्रॅम. पण चांगल्या रबरातून तो सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर वेगाने सुटू शकतो. भिंतीवर आपटला तर परत येतो, आणि कुणाकडे जायचं ते तोच ठरवतो.

म्हणून मागे खोकं आलं. पुठ्ठ्याचं, आत वरच्या कडेला जुना सदरा टांगलेला, खाली मोकळा. सुरुवातीला मी कापड चारी बाजूंनी घट्ट ताणून बसवलं होतं; त्याची तासाभरात चाळण झाली. सैल कापड छर्‍याबरोबर थोडं मागे जातं, त्याचा जोर जिरवतं आणि त्याला अलगद खाली सोडतं. सुरक्षितता झाली, छर्रेही परत मिळाले. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच. फक्त यात पक्षी नकोत, आणि दगडही नको. प्रत्येक दगडाचं वजन वेगळं, आकार वेगळा, त्यामुळे नेम आपण धरला तरी वाट दगडाची. काचेच्या गोट्या फुटून तुकडे उडतात. उघड्यावर मारायचं तर मातीच्या वाळवलेल्या गोळ्या बर्‍या, आपटल्या की भुगा. दगडापेक्षा वीट मऊ, आणि विटेपेक्षा ही माती.

लोक बेचकीला गोफणीची धाकटी बहीण समजतात. गोफण हजारो वर्षांची आहे. बेचकीचं वय मात्र रबराएवढंच. थंडीत कडक आणि उन्हात चिकट होणारं रबर गंधकाबरोबर तापवून कामाचं करण्याचं पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४ साली मिळालं. त्याआधी झाडांना बेचकी भरपूर होती, पण ताणायला काही नव्हतं.

आणि हे रबर फार हळवं. ऊन त्याला खातं, हवेतला ओझोन खातो, नुसतं पडून राहिलं तरी ते पिकतं. एकदा माझी पट्टी बेचक्याच्या टोकापाशी तुटली आणि सपकन तोंडावर आली. डोळ्यांवर चष्मा होता. तोही त्या दिवशी उन्हाचा त्रास म्हणून घातलेला, शहाणपणा म्हणून नाही! आता खेळण्याआधी दोन्ही पट्ट्या उजेडात धरून कडा बघतो. केसाएवढी चीर दिसली तरी पट्टी बदलतो. चष्माही न फुटणारा घेतला.

कायदाही याला पोरखेळ मानत नाही. जर्मनीत हातावर टेकू घेणार्‍या बेचकीवर बंदीच आहे. माझी साधी, बिनटेकूची. तरी कुणी समोरून येताना दिसलं की मी ताणलेलं रबर छर्‍यासकट हळूच परत आणतो. रिकामी सोडायची नाही, नाहीतर चामडं उलटून बोटांवर बसतं.

शेवटी खोकं उपडं करून मोजणी. आज २० मारले, निघाले १९. उजेड आहे तोवर गवतात विसावा शोधतो आहे.