उन्हाळा ते महालक्ष्म्या: कर्ज फेडताना नागपुरातलं घर कुठे अडखळतं

कर्ज फेडायचं ठरवलेलं घर जानेवारीत शिस्तीत चालतं आणि जूनमध्ये पुन्हा क्रेडिट कार्ड घासतं. याला स्वभावाचा दोष म्हणू नये. आपल्याकडचा वर्षाचा खर्च सपाट नसतो. एप्रिलमध्ये वर्षभराचा गहू, तूर डाळ आणि तिखट, मे-जूनमध्ये कूलरचं वीजबिल, जूनच्या शेवटी शाळा, मग गणपती-महालक्ष्म्या, मग दिवाळी. महिन्याचं बजेट कितीही काटेकोर आखलं तरी हे खर्च त्यात दिसत नाहीत आणि जे दिसत नाही ते कार्डावर जातं. म्हणून दोन कागद लागतात, एक कर्जाचा आणि एक बारा महिन्यांचा.

कर्जाच्या कागदावर प्रत्येक देण्यासाठी एक ओळ करा: कोणाचं, आज किती बाकी, वार्षिक व्याज किती, हप्ता किती, कोणत्या तारखेला, किती हप्ते उरले. बाकी रक्कम अंदाजाने लिहू नका. बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेतून त्या दिवसाची थकबाकी घ्या. पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज थेट पगारातून कापलं जातं, म्हणून ते यादीतून सुटतं. तेही लिहा. किराणा दुकानातली उधारी, मेहुण्याकडून घेतलेले पैसे, बचत गटाचं कर्ज, सोन्यावरचं कर्ज, सगळं यायला हवं. भिशी आधी उचलली असेल तर उरलेले हप्तेही देणंच आहे. भिशी ज्याने अजून उचलली नाही तो बचत करतो, ज्याने उचलली तो कर्जदार असतो.

काही विसरलं असेल, किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाने काही सांगितलं नसेल, तर क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. पैसे मागणारं पान उघडलं तर मागे फिरा आणि मोफत वार्षिक रिपोर्टचा पर्याय शोधा. हा कागद नवरा-बायकोने एकत्र बसूनच करावा. एकाला माहीत नसलेलं कर्ज असलं की दुसऱ्याची काटकसर त्यातच वाहून जाते.

आता व्याजाचा रकाना. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून थोडं थांबून बघू.

कार्डाचं व्याज बहुधा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. समजा बाकी ६०,००० आहे. महिन्याचं व्याज २,१००, त्यावर जीएसटी ३७८, एकूण २,४७८. किमान रक्कम ५ टक्के धरली तर ३,०००. म्हणजे ३,००० भरून मूळ देणं ५२२ रुपयांनी कमी झालं. शिवाय मागची बाकी ठेवली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते. दूध आणि पेट्रोल कार्डावर घेतलं तर त्यावरही त्याच दिवसापासून व्याज लागतं. म्हणून कार्डावर बाकी आहे तोवर त्यावर एक रुपयाचीही खरेदी नको, रिवॉर्ड पॉइंट मिळत असले तरी.

‘फ्लॅट’ व्याज हा दुसरा सापळा. दुचाकीच्या आणि छोट्या कर्जांत तो हमखास भेटतो. १ लाख, २ वर्षं, १२ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २४,००० आणि हप्ता ५,१६७. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर लावलेलं असतं. घटत्या बाकीवर मोजलं तर हाच दर साधारण साडेएकवीस टक्के पडतो. कागदावर ‘१२’ न लिहिता ‘२१.५’ लिहायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जासोबत मुख्य तथ्य पत्रक देणं बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर छापलेला असतो, तोच खरा आकडा.

झटपट कर्जाच्या अ‍ॅपवर १०,००० मंजूर होतात, १,५०० शुल्क कापून ८,५०० हातात येतात आणि ३० दिवसांनी १०,००० परत मागतात. म्हणजे महिन्याला १७ टक्क्यांहून जास्त. वस्तीतला सावकार ‘पाच रुपये शेकडा’ म्हणतो, ते वर्षाला ६० टक्के. परवाना नसताना सावकारी करणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. परवाना असला तरी व्याजदराला सरकारी मर्यादा आहे. कोरा चेक किंवा कोरा स्टँप पेपर दिला असेल तर फेडीच्या प्रत्येक रकमेचा पुरावा ठेवा, रोखीने देऊ नका. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

यादी झाली की सगळ्यांचे किमान हप्ते वेळेवर आणि उरलेला प्रत्येक रुपया सगळ्यात महाग कर्जावर. लहान कर्ज आधी संपवा असा सल्ला बरेच जण देतात. दोन कर्जांच्या दरात दोन-तीन टक्क्यांचाच फरक असेल तर तसं करायला हरकत नाही, एक हप्ता लवकर मोकळा होतो. पण एकीकडे वर्षाला ४२ टक्क्यांचं कार्ड आणि दुसरीकडे १२ टक्क्यांची पतसंस्था असेल तर आधी पतसंस्था फेडणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

तेच ६०,००० घ्या. नवी खरेदी बंद करून महिन्याला ६,००० भरले तर कार्ड चौदाव्या महिन्यात संपतं आणि व्याज व कर मिळून साधारण १९,००० जातात. ९,००० भरले तर ८ महिन्यांत संपतं आणि साडेअकरा हजारांच्या आसपास जातात. बँकेने १४ टक्क्यांनी १८ महिन्यांचं वैयक्तिक कर्ज दिलं तर हप्ता ३,७१५ च्या जवळ आणि एकूण व्याज ७,००० पेक्षा कमी, प्रक्रिया शुल्क वेगळं. गणित चांगलं आहे, पण कार्ड रिकामं झाल्यावर ते पुन्हा भरतं आणि मग दोन्ही देणी उरतात. कर्जाचे पैसे कार्डावर भरले त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून कार्डाची मर्यादा १०-१५ हजारांवर आणा. हे जमणार नसेल तर कर्ज बदलू नका.

७ टक्क्यांची एफडी ठेवून कार्डावर ४२ टक्के भरणारी घरं खूप आहेत. एफडी मोडताना साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कमी मिळतं, तरी मोडावी. घरात एक महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम मात्र ठेवा, नाहीतर पहिल्याच तापाच्या बिलाला पुन्हा कार्ड निघेल. सोनं गहाण ठेवून कार्ड फेडणंही हिशेबाने बरोबर आहे. फक्त ‘मुदतीअखेर एकदम भरा’ हा प्रकार टाळा आणि व्याज दर महिन्याला भरा. वर्षाचं व्याज साचलं की मुद्दल सोडवणं अवघड होतं आणि लिलावाची नोटीस येते.

हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची करून घ्या. १ तारखेचा हप्ता आणि ३ तारखेचा पगार असेल तर बँक एकीकडून आणि वित्त कंपनी दुसरीकडून असे दोन दंड दर महिन्याला बसतात. खात्यात पैसे नसल्याने ऑटो-डेबिट परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा धरला जाऊ शकतो. हप्ता चुकणार हे दिसत असेल तर चुकायच्या आधी शाखेला ईमेल करा, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी लेखी ठेवा. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, नातेवाइकांना धमकावणंही चालत नाही. बँकेने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत चकरा माराव्या लागत नाहीत.

आता बारा महिन्यांचा कागद. महिन्याच्या खर्चात न बसणारी प्रत्येक गोष्ट तिच्या महिन्यासमोर लिहायची. एका मध्यमवर्गीय घराचं नमुन्यादाखल असं होईल: एप्रिलमध्ये गहू, डाळ, भिवापुरी तिखट आणि मसाला १४,०००. कूलरच्या ताट्या (बाजूचे पॅड), पंप आणि दुरुस्ती २,०००. मे, जून, जुलैच्या वीजबिलात दर महिन्याला २,००० जास्तीचे. जूनमध्ये शाळेची फी, पुस्तकं, गणवेश २८,०००. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक, साड्या आणि सवाष्ण १०,०००. दिवाळी १५,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००, तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नांचे आहेर आणि प्रवास १०,०००. बेरीज ९०,०००, म्हणजे महिन्याला ७,५००.

ही रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात टाकायची. त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही.

इथे एक अडचण आहे, ती सरासरी काढणाऱ्याला दिसत नाही. जानेवारीपासून सुरुवात केली तर मार्चअखेर २२,५०० जमतात. एप्रिलमध्ये आणखी ७,५०० येतात आणि १६,००० जातात, उरतात १४,०००. मेअखेर १९,५००. जूनमध्ये ७,५०० आले आणि शाळा व बिल मिळून ३०,००० गेले की ३,००० कमी पडतात. सरासरी बरोबर असूनही जूनमध्ये कार्ड निघतं, कारण आपले मोठे खर्च पहिल्या सहामाहीत दाटीने येतात. सुरुवात दिवाळी झाल्या झाल्या, नोव्हेंबरात करणं सगळ्यात सोपं. उशीर झालाच असेल तर एप्रिलमध्ये निम्माच गहू घ्या आणि उरलेला ऑगस्टमध्ये, किंवा शाळेकडे फी दोन हप्त्यांत भरण्याची परवानगी मार्चमध्येच मागा. जूनमध्ये मागितली तर बहुधा मिळत नाही.

या यादीत मला सर्वात जास्त काळजी महालक्ष्म्यांची वाटते. बजेटमध्ये कोणी त्यांचं नाव घेत नाही. देवाधर्माचा खर्च मोजणं बरं वाटत नाही आणि म्हणून तो दरवर्षी उसनवारीवर होतो. आकडा आधी ठरवला की श्रद्धेला काही बाधा येत नाही. भाऊ-भाऊ मिळून एकाच घरी बसवत असाल तर वाटणी जुलैमध्येच बोलून घ्यावी.

वीजबिलाबद्दल एक गैरसमज. ३०० युनिट ओलांडले की सगळं बिल महाग दराने येतं असं मानतात, तसं नाही. पहिले १०० युनिट पहिल्या दराने, पुढचे २०० त्यापेक्षा चढ्या दराने आणि फक्त ३०० च्या वरचे त्याहून महाग. २०० वॅटचा कूलर दिवसाला १४ तास चालला तर महिन्याला ८४ युनिट होतात. दीड टनाचा एसी रोज ८ तास, ताशी १.२ युनिट धरला तर २८८. एरवी १२० युनिट वापरणारं घर दोन कूलरवर २८८ ला थांबतं, एसीवर ४०८ ला जातं. नागपूरच्या कोरड्या उन्हात जूनच्या मध्यापर्यंत कूलर उत्तम काम करतो. ताट्या दर मोसमाला बदला. खारट पाण्याचा थर बसला की हवा अडते, गारवा कमी होतो आणि कूलर जास्त तास चालवावा लागतो. पाऊस लागून हवा दमट झाली की पाण्याचा पंप बंद करा, त्याचा उपयोग उरत नाही.

महिन्याच्या खर्चात काटछाट करताना भाजीपासून सुरुवात करू नका. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट छापून घ्या आणि दोन पेनांनी खुणा करा: न देता चालणारच नाही ते निळ्याने, बाकी लाल. यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत कोणी पाहत नसलेली सदस्यत्वं सापडतात, ती तिथूनच रद्द होतात. डेली नीड्सच्या दुकानातून रोज पाव किलो, अर्धा किलो असं घेतलं की किलोमागे जास्त पडतं. महिन्याचा किराणा एकदाच, दोन-तीन घरांनी मिळून इतवारीतल्या मस्कासाथेच्या घाऊक बाजारातून आणला तर फरक दिसतो. एकट्यासाठी पाच किलो डाळीकरता मनीषनगरहून तिथे जाणं पेट्रोल आणि वेळेत बसत नाही. आलू-कांदे कॉटन मार्केटमधून पाच-पाच किलो आणावेत, पालेभाजी आणि सांभार (कोथिंबीर) घराजवळच घ्यावा, कारण उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवशी टाकावं लागतं.

एखादं कर्ज संपलं की तो हप्ता मोकळा समजू नका, त्याच तारखेला पुढच्या महाग कर्जावर वळवा. संपलेल्या कर्जाचं ‘बाकी नाही’ प्रमाणपत्र घ्या, ऑटो-डेबिट रद्द झाल्याची खात्री करा, दिलेले चेक परत मागा. घराची मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मिळायला हवीत, उशीर झाला आणि दोष बँकेचा असला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. तडजोड करून कमी रकमेत मिटवलेलं कर्ज रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ दिसतं, पुढच्या कर्जाच्या वेळी ते आडवं येतं, त्यामुळे शक्य असेल तर पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ करून घ्या. दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहा. बंद केलेलं खातं चालू दिसत असेल तर ऑनलाइन हरकत नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.