काकांचा लॅपटॉप, विंडोज १० नंतर
आजची सुट्टी काकांच्या जुन्या लॅपटॉपमागे गेली. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं ते यात नाही, म्हणजे चांगलं चालणारं मशीन कागदोपत्री भंगार, हे काय पटत नाही बुवा.

काका बघतात काय तर ई-पेपर, यूट्यूबवर कीर्तनं, बँक, व्हॉट्सअ‍ॅप वेब, सगळं ब्राउझरातच. म्हणून आधी क्रोमओएस फ्लेक्स (जुन्या मशीनसाठी गूगलची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवरूनच चालवून बघितलं, इन्स्टॉल न करता, तर वायफाय लगेच धरलं आणि ४ जीबी रॅमवर पण धाप लागली नाही. पण क्रोमबुकवर (गूगलची सिस्टिम असलेले तयार लॅपटॉप) मिळतं ते प्ले स्टोअर फ्लेक्समध्ये नसतंच, त्यामुळे काकूंचा लुडो गेला, आणि सगळा कारभार गूगलच्या खात्यावर, ते काकांना नको.

शेवटी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलं, एक्सएफसीई डेस्कटॉप वालं, हलकं असतं. इकडे लाईट गेली की राऊटर पण झोपतो, तेव्हा सोसायटीचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये (फुकटचं ऑफिस, नेटशिवाय चालतं) उघडला पाहिजे ना, काकांनी एक्सेलची फाइल उघडून बेरीज कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिली मगच मान हलवली 😄

श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, फाँट त्याचे वेगळे) टाईप केलेल्या जुन्या नोटिसा मात्र नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसतायत, फाँट कन्व्हर्टर शोधतोय, कोणी चांगला वापरला असेल तर सांगा रे. नुसतं ब्राउझरच लागणारं कोणी असेल तर मी अजूनही फ्लेक्सच टाकून देईन.