मसालेदार कोळंबी पास्ता, फेरी सहावी: क्रीम फुटणं थांबलं

हा पास्ता नीट जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून बघणं चालू आहे, ही सहावी फेरी. मागच्या फेरीअखेर तीन अडचणी शिल्लक होत्या. क्रीम फुटत होतं, कोळंबी रबरी होत होती आणि मालवणी मसाल्याचा कच्चा वास मागे राहत होता. पहिल्या दोन आता सुटल्या. तिसरी बरीचशी सुटली.

प्रमाण दोघांचं: पेने (नळीसारखा पास्ता) २०० ग्रॅम, मध्यम कोळंबी टरफलासकट ५०० ग्रॅम, कांदा एक, टोमॅटो एकच, लसूण ६ पाकळ्या, मालवणी मसाला दीड चहाचा चमचा, फ्रेश क्रीम १२० मिली. पाकिटावर ‘ड्यूरम’ (कडक गव्हाची जात) लिहिलेलं असेल तरच तो पास्ता घ्या. मैद्याचा सॉसमध्ये पडला की लगदा होतो.

कोळणीने कोळंबी सोलून दिली तरी डोकी आणि टरफलं मागून आणा. सगळी चव तिथेच आहे. धुऊन, पाणी निथळून, एक मोठा चमचा तेलात मोठ्या आचेवर ४ मिनिटं परता, तेल नारिंगी होईपर्यंत. हा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही, म्हणून थेट उकळून भागत नाही. मग दोन कप पाणी घालून १२ मिनिटं उकळा, डोकी डावाने दाबा आणि गाळा. साधारण एक कप पाणी मिळतं. तेवढ्या वेळात पाठीला चीर देऊन कोळंबीचे काळे दोरे काढून होतात. कोळंबीला हळद-मीठ लावा, लिंबू नको. आंबटाने ती आधीच घट्ट होते आणि आचेवर आणखी आवळते.

कोळंबी टिपून कोरडी करा आणि तापलेल्या तव्यावर दोन घाण्यांत, प्रत्येक बाजू ४५ सेकंद. इंग्रजी ‘सी’सारखी वळली की झाली. ‘ओ’ झाली तर वेळ टळली. लगेच ताटलीत काढा. सॉसमध्येच शिजू दिल्यामुळे आधीच्या फेऱ्यांत ती रबरी झाली होती.

आता मसाला. कांदा सोनेरी, लसूण अर्धा मिनिट, आच मंद, मग मसाला आणि त्याबरोबर टरफलांचं पाणी दोन चमचे. कोरडा टाकला तर दहा सेकंदांत करपतो आणि कडवट होतो. पाण्याच्या जोडीने तीन मिनिटं परतता येतो. किसलेला टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत परता, मग उरलेलं पाणी घालून निम्मं आटवा. मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा बाटली मसालाही इथे सुंदर लागतो. त्यात बहुतेक भाजलेले गहू आणि हरभरे असतात, त्यामुळे सॉस घट्ट होतो. तो वापरलात तर पाणी कमी आटवा.

क्रीम फुटायचं कारण एकच नव्हतं. पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो. आंबट आणि जोरदार उकळी एकत्र आली की त्यातली प्रथिनं गोळा होतात. तिसऱ्या फेरीत कोकमाचं आगळ (आंबट रस) घातलं तेव्हा क्षणात दाणे आले होते. या वेळी चार बदल केले: टोमॅटो दोनऐवजी एक, क्रीम अर्धा तास आधी फ्रीजबाहेर, त्यात पास्त्याचं गरम पिठाळ पाणी चार चमचे फेटून, आणि सॉसची आच अगदी मंद. पाण्यातला स्टार्च प्रथिनांना सांभाळून घेतो. म्हणूनच पास्ता दीड लिटर पाण्यात आणि १५ ग्रॅम मिठातच उकळायचा. पातेलं भरून पाणी घेतलं तर ते पिठाळ होत नाही.

पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढून सॉसमध्ये टाका, क्रीम ओता, सतत हलवत दीड-दोन मिनिटं. उकळी येऊ द्यायची नाही. गॅस बंद करून कोळंबी, कोथिंबीर आणि लिंबाचे थेंब. चीज घालू नका, ताज्या कोळंबीची चव त्याखाली दबते. मीठही शेवटी चाखूनच घाला, कारण पास्त्याचं आणि टरफलांचं पाणी दोन्ही खारट असतात.

एकूण ४० मिनिटं, त्यातली दहा निवडण्यात. दादरहून सात वाजता मासळी घेऊन घरी आलात तरी नऊच्या आत ताट वाढून होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा फ्रोझन कोळंबीवर भागवावं लागतं. ती रात्रीच फ्रीजमध्ये खाली उतरवा आणि वजन बर्फ निथळल्यावर करा. टरफलं मात्र मे महिन्यातच डब्यात गोठवून ठेवा.

कच्चा वास अजून किंचित जाणवतो. सातव्या फेरीत मसाला तीनऐवजी पाच मिनिटं परतून बघायचा आहे आणि निम्म्या कोळंबीच्या जागी माकूल (स्क्विड) घ्यायची आहे: चकत्या अर्धा सेंटिमीटर, मोठी आच, एकच मिनिट.