नजर आधी कुठे गेली?

रविवार, रात्री उशिरा

आज काकांकडे फोटो बघायला जमलो होतो. काका, नुकती नोकरीला लागलेली एक मुलगी, मी, आणि चहाच्या निमित्ताने डोकावणाऱ्या काकू. इथे नियम एकच: ज्याचा फोटो, त्याने बाकीच्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं. 'पहाटे तीनला उठून गेलो होतो' हे तर सांगायचंच नाही. झोपमोड काही फोटोत उतरत नाही.

मुलीने जेजुरीच्या सोमवती अमावस्येचा फोटो लावला. पायऱ्यांवर तोबा गर्दी, उधळलेला भंडारा, त्यातून वर आलेला एक हात. आम्ही अ‍ॅपर्चर, शटर करत बसलो आणि काकूंनी कपबशा ठेवता ठेवता विचारलं, "ती निळी पिशवी कुणाची गं?"

डाव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी मनगटाला खरंच निळी कॅरीबॅग लटकत होती. एवढ्या पिवळ्यात निळा ठिपका आधी दिसणारच, पण आम्हा जाणकारांना तो दिसला नव्हता. 'कडक', 'एक नंबर' हे सगळे म्हणतात. आधी नजर कुठे गेली आणि मग कुठे अडली, एवढं सांगणारा माणूस मिळायला नशीब लागतं. त्याला कॅमेरा कळायची गरज नाही.

काकांची तक्रार वेगळी. भंडाऱ्याचे कण दिसत नाहीत, नुसता पिवळा डाग दिसतो. मुलीला वाटत होतं फोकस चुकला. लॅपटॉपवर लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधारापासून उजेडापर्यंत काय किती आहे ते दाखवणारे आलेख, वेगळे काढले, तेव्हा उलगडा झाला. एकत्रित आलेख व्यवस्थित होता, लाल मात्र उजव्या काठाला चिकटलेला. उन्हातल्या गडद पिवळ्यात लाल रंगाचा भाग (चॅनेल) आधी काठोकाठ भरतो आणि पोत पुसला जातो. पुढच्या वेळी तिन्ही रंगांचा (आरजीबी) हिस्टोग्राम बघून एक्सपोजर थोडं खाली घ्यायचं. अशी टीका घरी नेता येते. "मी असतो तर वाइड लेन्स लावली असती" हेही काका म्हणालेच, पण ती टीका त्यांनी न काढलेल्या फोटोवर होती.

मग माझे भिगवणचे रोहित पक्षी. काका म्हणाले, "वरून काढलायस. पाठी दिसतात, आणि पायांची प्रतिबिंबं खाली कापली गेलीत." झोंबलं. होडीत उभं राहू देत नाहीत, मी बसूनच होतो, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण बरोबर होतं त्यांचं. लेन्स काठावरून पाण्याजवळ नेता आली असती.

रंग फिके आहेत, सॅच्युरेशन वाढव, हे मात्र मी ऐकणार नाही. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर थंडीतली सकाळ राखाडीच असते. गुलाबी पक्षी सगळ्यांनाच हवे असतात, म्हणून धुकं गुलाबी करायचं का?

जेजुरीच्या पिशवीचा वाद मिटलेला नाही. कापली तर त्या हाताचा कोपरही जातो. काका म्हणतात, काप. काकू म्हणतात, पिशवीवाला तिथे होता ना, मग राहू दे की. मुलगी दोन्ही प्रिंट काढून आणणार आहे. मी काकूंच्या बाजूने.