‘औषध’ नव्हे, ‘क्रीम’

पुतणीचे लग्न पाच आठवड्यांवर आले असताना 42 वर्षांच्या एक बाई दोन्ही गालांवरचे वांगाचे डाग दाखवायला सोलापुरातल्या माझ्या दवाखान्यात आल्या. चेहऱ्याला काही औषध लावता का, असे मी विचारले. त्या ‘नाही’ म्हणाल्या आणि मी तसे केसपेपरवर लिहिले. दोन आठवडे नियमाने सनस्क्रीन लावायला सांगून, कानामागे चाचणी घेऊन, मग 35 टक्के ग्लायकोलिक ॲसिडचा पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलण्याचा उपचार, करायचे ठरले.

हे आम्ल त्वचेच्या वरच्या थरातील मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करते. ते आपणहून थांबत नाही, म्हणून घड्याळावर नजर ठेवावी लागते आणि वेळ होताच सोड्याच्या द्रावणाने ते निष्प्रभ करावे लागते. मी तीन मिनिटे धरली होती. पहिले मिनिट पुरते सरण्याआधीच डाव्या गालाच्या उंचवट्यावर रुपयाएवढा पांढरट ठिपका उमटला. सॅलिसिलिक ॲसिडच्या पीलमध्ये दिसणारी पांढरी पूड म्हणजे निव्वळ औषधाचे स्फटिक असतात, त्यांचे भय नसते. ग्लायकोलिकमधला पांढरेपणा मात्र आम्ल ठरवल्यापेक्षा खोल गेल्याची खूण असते. मी तत्काळ द्रावण लावले आणि थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या.

‘ताई, खरंच काही लावत नव्हता?’

‘औषध नाही हो मॅडम. गोरेपणाचं क्रीम तेवढं, दोन वर्षं झाली. कालही लावलं होतं.’

पर्समधून निघालेल्या ट्यूबवर रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन, त्वचेचा मृत पेशींचा थर विरळ करणारे ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड, अशी तीन नावे होती. चिठ्ठीशिवाय विकायला नको असलेले हे मिश्रण त्यांना शेजारणीने सुचवले होते. ट्रेटिनॉइनने आम्लाची वाट मोकळी केली होती आणि स्टेरॉइडने त्वचा पातळ केली होती. कानामागची चाचणी निर्धोक ठरली, कारण तिथे ते क्रीम कधी लागलेच नव्हते. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. चुकला होता माझा प्रश्न, आणि ते मी त्यांना तिथेच सांगितले.

आपल्या सावळ्या त्वचेत दाहाच्या जागी काळा डाग उरतो, तसा तो उरला. लग्नात त्या तसाच डाग घेऊन वावरल्या, याची मला आजही हळहळ वाटते. तो निवळायला पाच महिने लागले. पुढच्या भेटीला त्यांनी घरातली सगळी क्रीम पिशवीत भरून आणली. त्यांत जावेने दिलेली आणखी एक ट्यूब निघाली, तीही स्टेरॉइडचीच.